कौटिलीय अर्थशास्त्रांतील 'किण्व' आणि घरगुती सुरा

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील पंचविसाव्या अध्यायांत सुराध्यक्षाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. सन १९०९ मध्यें आर. शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथून हा ग्रंथ प्रथम प्रसिद्ध केला; तेव्हांपासून राज्याचें उत्पन्न आणि मद्यावरील निर्बंध या विषयांच्या चर्चेंत या अध्यायाचा आधार वारंवार घेतला जातो. परंतु त्याच अध्यायांत सुरा करण्याचीं प्रमाणें दिलीं आहेत, आणि गृहस्थानें घरीं सुरा केव्हां करावी हेंही सांगितलें आहे. या भागाचा अर्थ 'किण्व' या एका शब्दावर अवलंबून आहे. किण्व म्हणजे यीस्ट असें समीकरण सामान्यतः केलें जातें. तें कितपत टिकतें, हें ग्रंथांतील आंकड्यांवरून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम सुरेचें स्वरूप लक्षांत घेतलें पाहिजे. मेदक व प्रसन्ना हे या अध्यायांतील धान्याच्या सुरेचे मुख्य प्रकार. दोन्ही आंबवून केलेलीं पेयें होत. ऊर्ध्वपातनाची क्रिया येथें सांगितलेली नाहीं. अर्थात् वर्गवारीनें तीं बीअरच्या पंक्तीस बसतात. धान्याचें पेय आंबविण्यांत एक अडचण असते, ती द्राक्षाच्या किंवा गुळाच्या मद्यांत नसते. धान्यांत असतो तो स्टार्च. आणि सामान्य यीस्टला साखर पचते, स्टार्च पचत नाहीं. म्हणून प्रथम स्टार्चची साखर व मग साखरेचें मद्य, अशा दोन क्रिया घडून याव्या लागतात. युरोपांतील बीअरमध्यें पहिली क्रिया मोड आणून वाळविलेल्या जवांमुळें होते व दुसरी यीस्टमुळें. मेदक आणि प्रसन्ना यांच्या द्रव्यांत मोडाच्या धान्याचें नांवही नाहीं. मग त्यांत पहिली क्रिया कशानें होते?

आतां प्रमाणें पाहूं. कौटिल्याच्या मापांत ४ कुडुब म्हणजे १ प्रस्थ, ४ प्रस्थ म्हणजे १ आढक व ४ आढक म्हणजे १ द्रोण. मेदकास १ द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व ३ प्रस्थ किण्व सांगितलें आहे. सर्व प्रस्थांत मांडल्यास पाणी १६, तांदूळ २ व किण्व ३. म्हणजे तांदुळाच्या दीडपट किण्व. प्रसन्नेस १२ आढक पीठ व ५ प्रस्थ किण्व. म्हणजे ४८ प्रस्थ पिठास ५ प्रस्थ, सुमारें एकदशांश. दुधाच्या दीडपट विरजण कोणी घालीत नाहीं. तेव्हां मेदकांतील किण्व हें नुसतें विरजण नसून पेयांतील धान्याचा मोठा हिस्साही त्याच्याच द्वारें भांड्यांत जात असला पाहिजे.

या तर्कास किण्वाची कृतीच दुजोरा देते. तिला 'किण्वबंध' असें नांव आहे. कच्च्या किंवा शिजविलेल्या उडदांचा १ द्रोण कल्क, त्याहून अधिक तांदूळ, आणि मोरटादि वनस्पतींचा एकेक कर्ष, अशी ती कृती आहे. तांदूळ किती अधिक, याविषयीं अर्थभेद आहे. कोणी एकतृतीयांशानें अधिक घेतात, कोणी तीन भाग अधिक घेतात. कोणताही पक्ष धरला तरी किण्वांत तांदूळच प्रधान ठरतो. 'बंध' या शब्दावरून हें मिश्रण गोळा किंवा वडी करून ठेवीत असावेत असें वाटतें. उडीद कच्चे चालतात हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे. कच्च्या कल्कांत आणि वनस्पतींच्या सालीमुळांवर सूक्ष्म जीव मूळचेच असतात, शिजविलेल्या कल्कांत ते बाहेरून यावे लागतात.

अशा वड्या आजही केल्या जातात. नेपाळ, सिक्कीम व दार्जिलिंग या प्रदेशांत 'मार्चा', मणिपुरांत 'हमेइ', आणि झारखंडांत हंडिया या तांदुळाच्या पेयासाठीं 'रानू' वापरतात. मार्चा करतांना भिजविलेले तांदूळ वनस्पतींसह कुटून त्यांत जुन्या मार्च्याची पूड मिसळतात, वड्या थापून नेच्याच्या पानांत झांकून ठेवतात व नंतर उन्हांत वाळवितात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना या वड्यांत तीन प्रकारचे जीव आढळले आहेत: स्टार्चची साखर करणाऱ्या बुरशी, यीस्ट, आणि दुग्धाम्ल करणारे जंतु. बुरशीचें हें कार्य चिनी वड्यांच्या अभ्यासांत स्पष्ट झालें. आल्बेर काल्मेत यानें सायगॉन येथें केलेलें तें संशोधन सन १८९२ मध्यें प्रसिद्ध झालें. तत्पूर्वीं सन १८८३ मध्यें हान्सेन यानें कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत यीस्टची शुद्ध, एकजातीय लागण सिद्ध केली होती. युरोपांत यीस्ट असें वेगळें काढलें गेलें; पूर्वेकडील वडींत मात्र दोन्ही क्रिया एकत्रच राहिल्या. किण्व याच दुसऱ्या कुळांतलें आहे.

याहून प्राचीन अशी सुरेची एक वेगळी पद्धति सौत्रामणी यागांत दिसते. तेथें शष्प, तोक्म, लाजा व नग्नहु हीं द्रव्यें येतात. भाष्यकारांच्या मतें शष्प म्हणजे मोड आलेलें भात व तोक्म म्हणजे मोड आलेले जव. नग्नहु हें अनेक औषधिद्रव्यांचें मिश्रण; सुरा तीन रात्रीं ठेवून मुरवितात. म्हणजे वैदिक कर्मांत साखर करण्याचें काम मोडाच्या धान्याकडे होतें आणि नग्नहु आंबविण्यासाठीं होतें. अर्थशास्त्रांतील मेदकांत व प्रसन्नेंत मोड नाहींत व किण्व धान्यमय आहे. दोहोंना एकाच 'यीस्ट' शब्दानें संबोधल्यास हा भेद पुसला जातो.

प्राचीनांना सूक्ष्म जीव ठाऊक नव्हते, परंतु किण्वाचें सामर्थ्य त्यांच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. चौदाव्या शतकांतील माधवाच्या सर्वदर्शनसंग्रहांत चार्वाकांचा एक दृष्टांत आहे: किण्वादि द्रव्यांच्या संयोगांतून जशी मदशक्ति उत्पन्न होते, तसें भूतांच्या संयोगांतून चैतन्य उत्पन्न होतें. वादांत दृष्टांत घ्यावयाचा तो सर्वांस परिचित असाच घ्यावा लागतो. त्यावरून ही क्रिया लोकांच्या नित्य पाहण्यांतली होती असें म्हणतां येतें.

आतां घरगुती सुरेकडे वळूं. ठरवून दिलेल्या स्थळाबाहेर सुरा करणारा, घेणारा व विकणारा यांस ६०० पण दंड आहे. परंतु गृहस्थांना कार्यप्रसंगीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट करण्याची सवलत आहे, आणि उत्सव, समाज व यात्रा यांत ४ दिवसांची मोकळीक आहे. अध्यक्षाच्या अधिकारांत मात्र सुरेबरोबर किण्वाचाही व्यवहार नांवानिशीं घातला आहे. किण्व म्हणजे ओलें यीस्ट असतें तर या सवलतीचा उपयोग करणें कठीण झालें असतें. रोज सुरा करणारा मागल्या भांड्याचा गाळ पुढल्या भांड्यांत घालील. परंतु वर्षांतून दोनचार प्रसंगींच करणाऱ्या कुटुंबाकडे तो गाळ जिवंत राहणार नाहीं. वाळलेली वडी कित्येक महिने टिकते. ती घरीं उडीदतांदुळाची करावी, नाहींतर व्यवहाऱ्याकडून घ्यावी. सुरा व किण्व यांच्या निवडीचें काम स्त्रियांनीं व मुलांनीं करावें असें याच अध्यायांत आहे. आणि मार्चा, रानू यांची विद्या आजही बहुतांशीं स्त्रियांच्याच हातीं आहे, हें साम्य चिंतनीय आहे.

तात्पर्य, मेदकाच्या व प्रसन्नेच्या योगांतील किण्व म्हणजे केवळ यीस्ट नव्हे; स्टार्चची साखर करणारी व साखरेचें मद्य करणारी अशी दोन्ही शक्ति धारण करणारी ती धान्याची वडी होय. हा अर्थ घेतला म्हणजे मेदकांतील दीडपट प्रमाण उलगडतें, मोडाच्या धान्याचा अभाव उलगडतो, आणि सुरेबरोबर किण्वावरही अध्यक्षाची नजर कां होती तेंही उलगडतें. गृहस्थाच्या सवलतीची व्याप्ति श्वेतसुरेच्या घड्यावरून मोजून भागणार नाहीं. घरांत किण्वाची वडी ठेवण्याची मुभा त्यास होती कीं नव्हती, यावरच ती ठरते.