ग्रँड सेंट्रलच्या डोक्यावरचा न झालेला मनोरा

१९६८ साली न्यूयॉर्कमधील ग्रँड सेंट्रल टर्मिनल या रेल्वे स्थानकाच्या थेट डोक्यावर ५५ मजली कार्यालयीन मनोरा उभारण्याचा प्रस्ताव आला. तो मनोरा कधीच झाला नाही. पण तो होऊ द्यायचा की नाही या वादातून जो प्रश्न निघाला, त्याच्याशी मुंबईत घर शोधणाऱ्या कुणाचाही आज अप्रत्यक्ष संबंध येतो. इमारतीच्या वरची रिकामी हवा कुणाची? ती विकता येते का? आणि सरकारने ती वापरू दिली नाही, तर मालकाचे नुकसान कुणी भरून द्यायचे? आजचा थ्रेड याविषयी.

या गोष्टीचा आरंभ मात्र १९०२ मध्ये आहे. ८ जानेवारी १९०२ रोजी पार्क अव्हेन्यूखालच्या बोगद्यात, वाफेच्या इंजिनांच्या धुराने भरलेल्या अंधारात, एक गाडी पुढे उभ्या असलेल्या गाडीवर मागून आदळली. १५ प्रवासी मृत्युमुखी पडले. लोकक्षोभ एवढा उसळला, की १९०८ नंतर मॅनहॅटनमध्ये वाफेची इंजिने चालवण्यास कायद्याने बंदी झाली. रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंता विल्यम विल्गस यांनी या आपत्तीतून एक विलक्षण हिशेब मांडला. विजेच्या गाड्यांना धूर नसतो. धूर नसेल तर रूळ उघड्यावर ठेवण्याचे कारण उरत नाही. रूळ झाकता येतील, आणि त्या झाकणावर इमारती उभारण्याचा हक्क भाड्याने देता येईल! नव्या स्थानकाचा अवाढव्य खर्च हवेतून काढण्याची ही युक्ती होती. आज पार्क अव्हेन्यूवर ऐटीत उभ्या असलेल्या कित्येक इमारतींचे, वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलचेसुद्धा, पाय रुळांच्या मधोमध रोवलेले आहेत. हवेच्या हक्काचा एवढा मोठा व्यवहार तोवर अमेरिकेत झालेला नव्हता.

१९१३ मध्ये स्थानक खुले झाले. त्याच्या मूळ आराखड्यातच वर २० मजली कार्यालयीन मनोरा होता; तो बांधला गेला नाही. म्हणजे ब्रॉयरचा मनोरा हे स्थानकावर पडलेले पहिले स्वप्न नव्हे. वारसाप्रेमी मंडळी ही गोष्ट सांगताना हा तपशील बहुधा गाळतात. रेल्वेच्या वकिलांसाठी मात्र तो मोलाचा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि विमानांनी रेल्वेचे प्रवासी पळवले. तोट्यातल्या कंपनीला स्थानक हे ओझे वाटू लागले आणि त्याखालची जमीन हे घबाड. १९५० च्या दशकात स्थानक पाडून तेथे गगनचुंबी इमारत उभारण्याच्या योजना निघाल्या. त्या बारगळल्या, पण स्थानकाला लागून उत्तरेस ५९ मजली पॅन ॲम इमारत १९६३ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी शहरातील दुसरे भव्य स्थानक, १९१० चे पेन स्टेशन, पाडण्यास सुरुवात झाली. त्या पाडकामाच्या धक्क्यातून १९६५ चा वारसा-जतन कायदा जन्मला, आणि २ ऑगस्ट १९६७ रोजी ग्रँड सेंट्रलला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. रेल्वेने आयोगापुढे विरोध नोंदवला होता; न्यायालयात मात्र ती तेव्हा गेली नाही.

अवघ्या काही महिन्यांनी, जानेवारी १९६८ मध्ये, रेल्वेने यूजीपी प्रॉपर्टीज या कंपनीशी ५० वर्षांचा करार केला. मनोऱ्याचे काम चालू असताना वर्षाला १० लाख डॉलर आणि तो पूर्ण झाल्यावर वर्षाला किमान ३० लाख डॉलर भाडे. या आकड्यांशेजारी एक छोटा आकडा आहे आणि मला तो फार बोलका वाटतो. स्थानकातील दुकानदार व इतर गाळेधारकांकडून मिळणारे ७ ते १० लाख डॉलर मनोऱ्यामुळे बुडणार होते. म्हणजे खालचा बाजार आणि वरची कार्यालये यांचे थेट गणित मांडून वरची कार्यालये जिंकली होती.

आराखडा मार्सेल ब्रॉयर यांचा. बाउहाउस परंपरेतला हा वास्तुकार काही लहान माणूस नव्हे. पॅरिसच्या युनेस्को मुख्यालयाच्या शिल्पकारांपैकी तो एक. त्याने दोन पर्याय दिले. पहिल्यात जुने स्थानक खाली तसेच राहणार होते आणि ५५ मजले त्याच्यावर तोलले जाणार होते. दुसऱ्यात ४२ व्या रस्त्याकडील दर्शनी भागासह स्थानकाचा काही भाग पाडून ५३ मजले उभे राहणार होते. आयोगाने १९६९ मध्ये दोन्ही फेटाळले. पहिल्याला त्याने सौंदर्याची थट्टा ठरवले. दुसऱ्याबद्दल त्याचे म्हणणे साधे होते: वास्तू पाडून वास्तूचे रक्षण होत नाही.

रेल्वे न्यायालयात गेली. १९७० मध्ये पेन सेंट्रल कंपनीचे दिवाळे निघाले. अमेरिकेच्या इतिहासातील तोवरचे ते सर्वांत मोठे दिवाळे होते. जानेवारी १९७५ मध्ये न्यायमूर्ती आयर्व्हिंग सेपॉल यांनी रेल्वेच्या बाजूने कौल दिला. त्या वर्षी खुद्द न्यूयॉर्क महापालिकाच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. अपील करावे आणि हरल्यास प्रचंड भरपाई द्यावी, हे धाडस करण्यास ती कचरत होती. या टप्प्यावर जॅकलिन केनेडी ओनासिस, वास्तुकार फिलिप जॉन्सन आदींनी समिती स्थापून लोकमत उभे केले. ओनासिस यांनी महापौरांना पत्र लिहिले. अपील झाले आणि वरच्या न्यायालयांत शहर जिंकले. एप्रिल १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीच्या आदल्या दिवशी समर्थकांनी भरलेली एक खास रेल्वेगाडी वॉशिंग्टनला गेली. स्थानक वाचवण्यासाठी रेल्वेनेच जाण्याची कल्पना सुचणाऱ्याला प्रसिद्धीचे मर्म नक्कीच कळत होते.

२६ जून १९७८ रोजी ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला. येथे जरा थांबायला हवे. अमेरिकी राज्यघटनेनुसार खासगी मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घ्यायची तर योग्य मोबदला द्यावा लागतो. रेल्वेचा युक्तिवाद असा, की स्थानकावरची हवा ही स्वतंत्र मालमत्ता आहे आणि शहराने ती पूर्णपणे हिरावली आहे. विल्गसने साठ-सत्तर वर्षांपूर्वी शिकवलेलाच हा धडा! न्यायमूर्ती ब्रेनन यांनी बहुमताच्या निकालपत्रात तो नाकारला. मालमत्तेचे जमीन, इमारत, हवा असे तुकडे पाडून एका तुकड्याचे नुकसान मोजता येणार नाही. ती संपूर्णपणे पाहावी लागेल. स्थानक जसे चालत आले तसे चालवण्यास रेल्वे मोकळी आहे. शिवाय न वापरलेला बांधकामाचा हक्क जवळच्या किमान आठ भूखंडांवर नेण्याची मुभा शहराच्या नियमांनी दिलेली आहे. हा फिरता हक्क म्हणजे पूर्ण मोबदला होय, असे न्यायालयाने म्हटले नाही. मात्र त्यामुळे मालकावरील भार हलका होतो, एवढे मान्य केले.

मतभेद नोंदवणारे न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचा मुद्दा मला आजही सहज उडवून लावता येत नाही. शहरातील असंख्य इमारतींपैकी जेमतेम चारशेंना हे बंधन; सौंदर्याचा लाभ सगळ्या शहराला आणि खर्च निवडक मालकांना, हा न्याय कसा? ओनासिसबाईंनी स्थानक वाचवले, ही कथा गोड आहे. तीत या प्रश्नाला जागा नाही. त्याचे जे काही अर्धेमुर्धे उत्तर मिळाले, ते त्या फिरत्या हक्काच्या कोरड्या तरतुदीत.

तीच कल्पना मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतून 'हस्तांतरणीय विकास हक्क' म्हणजे टीडीआर या नावाने आली, आणि १९९५ च्या वारसा नियमांनी ती जुन्या वास्तूंनाही लागू झाली. पण दोन शहरांत एक मोठा फरक होता. न्यूयॉर्कमध्ये हक्क शेजारीच उतरत असे. मुंबईत मात्र शहर बेटावरचा टीडीआर बेटावर वापरण्यास मनाई होती. तो उपनगरांत जाई. फोर्टमधील अनेक जुन्या इमारतींनी १.३३ या चटईक्षेत्र निर्देशांकापेक्षा अधिक बांधकाम आधीच व्यापलेले होते. त्यांच्या मालकांजवळ विकण्याजोगी हवा उरलीच नव्हती. टीडीआरचा खरा पूर आला तो आरक्षित भूखंड आणि झोपडपट्टी पुनर्वसन योजनांतून, आणि १.० निर्देशांकाची उपनगरे त्याने दुप्पट भरली. न्यूयॉर्कमध्ये एका स्थानकाच्या संदर्भात कसाला लागलेली युक्ती येथे शहर वाढवण्याचे यंत्र झाली. (स्थानकावर कार्यालये हवीच असतील तर वाशी पाहा. सिडकोने तेथे स्थानक, दुकाने आणि कार्यालये एकाच संकुलात पहिल्यापासूनच योजली. कुणाचा वारसा आड येण्याचा प्रश्नच नव्हता.)

ग्रँड सेंट्रलचे पुढे काय झाले? १९९८ मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाला. छतावरची काजळी निघाली, नक्षत्रांचे चित्र पुन्हा दिसू लागले, आणि दुकाने व उपाहारगृहे यांनी स्थानक गजबजले. १९६८ च्या हिशेबात हरलेला खालचा बाजार अखेर टिकला. वरची हवा मात्र कागदोपत्री शिल्लकच होती. २००६ मध्ये एका गुंतवणूकदाराने ती स्थानकाच्या मालकीसह विकत घेतली. पुढे शेजारच्या वन व्हँडरबिल्ट या ४२७ मीटर उंच मनोऱ्याला शहराने वाढीव बांधकामाची परवानगी दिली, तेव्हा आमच्या हवेचे मोल बुडाले म्हणून या नव्या मालकाने १०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा ठोकला. तो तडजोडीने मिटला.

२०१७ मध्ये शहराने नियम बदलून हे हक्क अधिक दूर नेण्यास परवानगी दिली. पुढच्याच वर्षी जेपी मॉर्गन बँकेने स्थानकावरची साडेसहा लाख चौरस फुटांहून अधिक हवा विकत घेतली आणि २७०, पार्क अव्हेन्यू येथे आपले नवे मुख्यालय बांधले. तेही विल्गसच्या रुळांवरच उभे आहे. त्या जागी १९६० ची ५२ मजली युनियन कार्बाइड इमारत होती. नताली द ब्ल्वा या वास्तुरचनाकार स्त्रीचा तिच्या आराखड्यात मोठा वाटा होता. ग्रँड सेंट्रल न पाडल्यामुळे उरलेली हवा वापरता यावी म्हणून ती इमारत पाडण्यात आली. मालकाने आपखुशीने पाडलेली ती तोवरची जगातील सर्वांत उंच इमारत होती.