शिकारी रायफलवरील दुर्बीण : विश्वसनीयता आणि बिघाड

शिकारी रायफलवरील दुर्बीण अर्थात रायफल स्कोप हे नेम धरण्याचे प्रकाशीय उपकरण आहे. नळीवरील खाच आणि माशी एका रेषेत आणण्याऐवजी शिकारी दुर्बिणीतील फुलीच्या आकाराच्या रेषा (रेटिकल) लक्ष्यावर धरतो. गोळी त्या फुलीवरच लागावी म्हणून ठरावीक अंतरावर जुळणी करून घ्यावी लागते; तिला ‘झिरो’ म्हणतात. धक्के, थंडी, पाऊस व प्रवास सोसूनही हा झिरो टिकणे, हाच दुर्बिणीच्या विश्वसनीयतेचा मुख्य निकष होय. खरेदीच्या वेळी मात्र बहुधा भिंगांची स्वच्छता आधी पाहिली जाते.

इतिहास

आरंभीच्या दुर्बिणींत रेटिकलसाठी केस किंवा कोळ्याच्या जाळ्याचा तंतू वापरीत. तो सहज तुटे. पुढे धातूची बारीक तार आणि काचेवर कोरलेल्या रेषा आल्या. अमेरिकेत बिल वीव्हर यांनी १९३० मध्ये स्वस्त दुर्बीण बाजारात आणल्यावर सामान्य शिकाऱ्यांत तिचा प्रसार झाला. त्या काळातील मोठी अडचण आत जमणाऱ्या बाष्पाची होती. बाष्पामुळेच मार्कस ल्युपोल्ड यांचे हरीण हुकले, असे सांगितले जाते. त्यांच्या ओरेगॉनमधील कंपनीने १९४७ मध्ये कोरड्या नत्रवायूने भरलेली बंदिस्त दुर्बीण काढली. ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली.

बिघाडाची कारणे

दुर्बिणीच्या बाह्य नळीत एक लहान नळी असते. वरचा व बाजूचा स्क्रू फिरवला की ती किंचित सरकते आणि स्प्रिंग तिला स्क्रूवर दाबून धरते. ही स्प्रिंग सैल पडली किंवा स्क्रूचे आटे झिजले, तर फिरवलेल्या क्लिकइतका नेम बदलत नाही, किंवा तो एक-दोन गोळ्यांनंतर अचानक बदलतो. बाहेरून काहीच दिसत नसल्याने हा दोष सर्वांत घातक ठरतो. भिंग फुटले तर शिकारी थांबतो. झिरो सरकलेला असला तर तो निःशंकपणे गोळी झाडतो आणि जनावर जखमी होऊन निसटते.

दुर्बिणीवर फोडलेले खापर पुष्कळदा माउंटवर फोडायला हवे असते. दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्यांमध्ये १०० मिमी अंतर आहे आणि त्यांपैकी एक कडी ०.१ मिमी सरकली असे मानल्यास १०० मीटरवर गोळी सुमारे १० सेंमी आणि ३०० मीटरवर ३० सेंमी चुकेल. मध्यम आकाराच्या हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम २० सेंमी रुंद असतो. सैल स्क्रू, तेलकट पृष्ठभाग आणि जड दुर्बीण ही सरकण्याची नेहमीची कारणे होत. याउलट कड्या फार आवळल्यास दुर्बिणीची नळीच चेपते.

स्प्रिंगवर चालणाऱ्या हवाई रायफलीला काडतूस नसूनही ती दुर्बिणी मोडते. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो, तर सर्वसाधारण दुर्बीण केवळ मागच्या धक्क्यासाठी घडवलेली असते.

थंडीतून उबदार खोलीत आणलेल्या दुर्बिणीच्या बाहेरील काचेवर दव जमणे हा दोष नव्हे. आतून बाष्प दिसल्यास मात्र सील फुटले असे समजावे.

तपासणी

प्रचलित ‘चौकट चाचणी’त रेटिकल उजवीकडे, खाली, डावीकडे व वर सारख्याच क्लिकने फिरवून प्रत्येक ठिकाणी गोळ्या झाडतात, शेवटच्या गोळ्या पहिल्या छिद्रांजवळ पडायला हव्यात. पाव ‘मिनिट’ कोनाचा एक क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिमी भरतो, त्यावरून सरकलेले अंतर मोजता येते. रायफल पडल्यास किंवा प्रवासात आपटल्यास शिकारीपूर्वी कागदी लक्ष्यावर झिरो पुन्हा पाहणे आवश्यक असते.

जर्मनी व ऑस्ट्रियात जुन्या रायफलींवर दुर्बीण आकड्यांनी अडकवीत. ती बिघडली की काढून खाच-माशीने नेम धरता येई. आजच्या बऱ्याच रायफलींवर माशी नसतेच. त्यामुळे दुर्बीण निकामी झाल्यास दुसरा पर्याय उरत नाही.