चौकातून न दिसणारा ध्रुव

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून नातीसाठी आणलेल्या इंग्रजी बडबडगीतांच्या पुस्तकात, संध्याकाळच्या पहिल्या चांदणीकडे इच्छा मागणारं एक गाणं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते अमेरिकेत रुळलं. आमच्या लहानपणी चांदोबा होता, पावसाला पैशाचं आमिष होतं. पण चांदणीकडे काही मागायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते मागणं आपल्याकडे लग्नाच्या विधीत बसलं होतं. मी पौरोहित्य शिकायला लागले आणि आश्वलायन गृह्यसूत्र उघडलं, तेव्हा ते सापडलं.

सूत्र असं सांगतं की, सप्तपदीनंतरची रात्र वधूनं एखाद्या म्हाताऱ्या ब्राह्मणीच्या घरी काढायची. तिचा नवरा आणि मुलं हयात हवीत. ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी दिसेपर्यंत वधूनं बोलायचं नाही. दिसले की मौन सोडायचं ते मागण्यानंच: नवऱ्याला आयुष्य मिळो, मला मूल होवो. मागणी दोन गोष्टींची, आणि दोन्ही तिच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेल्या.

पुण्यातल्या ऋग्वेदी घरांचं सूत्र हेच. पण बुधवार पेठेतल्या वाड्यात ते पाळायचं म्हणजे पंचाईतच. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून ध्रुवही उत्तर क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर. दुमजली वाड्याच्या चौकात उभं राहिलं तर दिसतो डोक्यावरचा तुकडा. उत्तरेला असते माडीची भिंत. गच्ची नसेल तर गुरुजींनी भिंतीकडे बोट करायचं आणि सगळ्यांनी माना डोलवायच्या. वैशाखातल्या लग्नात रात्री आठला सप्तर्षी चांगले वर आलेले असतात, पण मार्गशीर्षात त्या वेळी ते क्षितिजाखालीच. विधी मात्र दोन्ही महिन्यांत तोच!

अरुंधतीचं तर विचारूच नका. सप्तर्षींतल्या वसिष्ठापासून ती बारा कलांवर, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, आणि त्याच्यापेक्षा बरीच मंद. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा, मग नजर तिच्याकडे सरकवायची. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात हाच दाखला वापरला आहे.

आता ही नजर कुणाची होती, ते बघा. पेशवाईतल्या ब्राह्मण घरांत मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी व्हायचं. १८७३ साली रमाबाई रानड्यांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. मुलीचं वय किमान चौदा असावं, हा शारदा कायदा थेट १९२९चा. म्हणजे मुंडावळ्या बांधून, दिवसभराच्या धुरानं डोळे चुरचुरत असताना आभाळाकडे बघणारी ही वधू वयानं ते इंग्रजी गाणं म्हणणाऱ्या पोरीएवढीच होती. त्या पोरीनं काय मागायचं ते मात्र कुणी ठरवून दिलेलं नसतं. आमच्या पोरीनं मागायचं ते मूल, स्वतः मूल असताना.

ध्रुवाची गोष्ट सांगायला मला म्हणूनच आवडते. सावत्र आईनं, सुरुचीनं, वडिलांच्या मांडीवरून उठवलेला पाच वर्षांचा पोर. त्यानं हट्टानं मागितलं आणि मिळवलं. मुलांच्या हट्टाचा एवढा मान आपल्या पुराणांत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

याच बुधवार पेठेत भिडेवाडा. १८४८मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथे, ज्यांची लग्नं बालपणीच व्हायची, अशा मुलींसाठी. २०२३च्या डिसेंबरात वाडा पाडला. तिथे स्मारक उभारायचं म्हणून. माझ्या लेखी या पेठेत बोहल्याइतकीच त्या शाळेतली पाटीही लग्नाच्या इतिहासातली.

आता लग्नं बहुतेक सकाळच्या मुहूर्तावर. कार्यालयाच्या छताखाली, तपकीर गल्लीतून आणलेल्या दिव्यांच्या माळांकडे बोट करून ‘ध्रुव बघा’ म्हणणारे गुरुजी मी पाहिले आहेत. मला ते जमत नाही. मी जोडप्याला सांगते, रात्री गच्चीवर जा, खरा बघा. वधूला सांगते, सूत्रातलं मागणं म्हण, आणि पुढे तुला हवं ते तुझ्या भाषेत माग.

मध्यंतरी एकीनं मला थांबवलंच. ‘काकू, आणि यानं काय मागायचं?’

सूत्रात त्या जागी वराच्या तोंडी मागणं नाही. मी तसं सांगितलं. ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, ‘मग तू आजपासून भांडी माग.’ सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या.