फ्रँकलिन आणि व्हिलन

जुने इंग्रजी वाङ्मय वाचताना आम्हांस असे काही शब्द भेटतात, की जे व्यवहारातून केव्हाच गेले. पण आडनावांत टिकून राहिले. 'फ्रँकलिन' हा त्यांपैकीच एक. आज हे नाव उच्चारताच बेंजामिन फ्रँकलिन आठवतो. चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या इंग्लंडात मात्र ते कोणा एकाचे नाव नव्हते. तो समाजातला एक दर्जा होता. उमराव नव्हे, पण स्वतःची जमीन बाळगणारा, जन्माने स्वतंत्र गृहस्थ म्हणजे फ्रँकलिन. शब्दाच्या मुळाशी आहे 'फ्रँक', म्हणजे मोकळा. तो फ्रँक लोकांच्या नावावरून आला. अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत पोचलेला 'फिरंगी' हाही त्याच कुळातला.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस 'कँटरबरी टेल्स'मध्ये चॉसरने असा एक गृहस्थ उभा केला आहे. पांढरी दाढी, तांबूस चेहरा, घरी अन्नपाण्याची रेलचेल. तो शेरीफ होता, पार्लमेंटातही बसला होता. तरी आपला मुलगा खानदानी रीतभात शिकत नाही, ही त्याची खंत. आपल्या गोष्टीच्या शेवटी तो श्रोत्यांना विचारतो, की या सर्वांत अधिक 'फ्री' कोण? तेव्हा या शब्दाचा अर्थ 'उदार' असाही होता. मोकळा माणूसच मोकळ्या हाताने देऊ शकतो, ही समजूत त्या एका शब्दात सामावली आहे.

परंतु स्वातंत्र्य नावातून सांगावे लागते, तेव्हा शेजारी कोणीतरी परतंत्र असतो. इंग्लंडात तो होता 'व्हिलन', धन्याच्या जमिनीला बांधलेला शेतकरी. धन्याच्या परवानगीवाचून त्याला गाव सोडता येत नसे. मुलीच्या लग्नासाठीही पैसे मोजावे लागत. १३८१च्या बंडात शेतकऱ्यांनी ही बांधिलकी मोडण्याची मागणी केली. बंड चिरडले गेले, पण पुढल्या दोन शतकांत ही प्रथा हळूहळू लोपली. सगळेच स्वतंत्र झाल्यावर 'स्वतंत्र' हा वेगळा दर्जा कशाला उरेल? फ्रँकलिन आडनावात गेला. व्हिलनच्या वाट्याला मात्र शिवी आली; आपल्या चित्रपटांतला व्हिलन तो हाच. पिळला गेलेला माणूस भाषेत दुष्ट ठरला आणि सुखवस्तू माणसाचे नाव प्रतिष्ठित राहिले. भाषाही निःपक्षपाती नसते, हे येथे दिसते.

१७७१ साली आत्मचरित्र लिहावयास घेताना बेंजामिन फ्रँकलिनने नॉर्दम्प्टनशायरमधल्या एक्टन गावी आपल्या पूर्वजांची सुमारे तीस एकर मालकीची जमीन असल्याचे सांगितले आहे. आपले नाव पूर्वी एका वर्गाचे होते, हेही तो नमूद करतो. म्हणजे अर्थ त्याला ठाऊक होता. तरी त्याच्या घरी अनेक वर्षे गुलाम होते. पुढे त्याचे मत पालटले. १७८७ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि फेब्रुवारी १७९०मध्ये त्याच्या सहीचा अर्ज काँग्रेसपुढे गेला. काँग्रेसने तो मानला नाही. एप्रिलमध्ये फ्रँकलिन वारला. आडनावातला अर्थ इतरांनाही लागू व्हावा, हे म्हणावयास त्याला आयुष्याची अखेर गाठावी लागली.