इंदापूरची पाहणी आणि आजचा नवा कारकून



इतिहासाच्या व्याख्यानात संगणकाचे काय काम, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. थोडा धीर धरावा. त्याआधी आपणांस मोरगावाहून पूर्वेला इंदापुरास जावयाचे आहे, आणि काळाने जवळजवळ दोनशे वर्षे मागे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नव्या राजवटीपुढे शेतसाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागाची पाहणी केली. तिचे दर १८३०च्या सुमारास इंदापुरात लागू झाले. तत्त्व कागदावर निर्दोष होते: उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्याचे शेकडा ५५ सरकारने घ्यावेत. पण प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न ठरवणार कोण? तुटपुंज्या पगाराचा कारकून! बांधावर उभे राहून असा हिशेब बिनचूक मांडणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि तो चुकला तर ती चूक पकडणे वरिष्ठांच्याही. मग अंदाज चालला, लाच चालली. त्यातच धान्याचे भाव पडले. सारा जड झाला, जमिनी ओस पडल्या, कित्येक शेतकरी शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले.

१८३५ पासून गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी याच इंदापुरात काम नव्याने आरंभले. या अनुभवाचे नियम १८४७च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाले. त्यांनी कारकुनाला विचारावयाचा प्रश्नच बदलला. शेताचे भाग पाडावेत. प्रत्येक भागात मातीची जात पाहावी आणि खोली हातांत मोजावी. चुनखड, वाळू, उतार असे सात दोष सांगितले, प्रत्येकाला खूण ठरवून दिली. एक दोष आढळला की प्रत एका पायरीने उतरे. प्रती नऊ: पहिली सोळा आण्यांची, नववी दोन आण्यांची. खुणा शेताच्या आराखड्यावर मांडलेल्या असल्यामुळे दुसरा माणूस तेच शेत पुन्हा पाहून ताळा घेऊ शके.

आता आजचा कारकून पाहा. ज्याला एआय एजंट म्हणतात तो संगणकीय कार्यक्रम इतर साधने स्वतः चालवतो: हवामान विचारतो, नोंदी शोधतो, पैसे पाठवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने एजंटांना साधने जोडण्याची ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली. तीत प्रत्येक साधनासोबत त्याचे नाव, वर्णन आणि त्याला द्यावयाच्या माहितीचा तपशील येतो. कोणते साधन केव्हा वापरावे, हे एजंट मुख्यतः त्या मजकुरावरून ठरवतो. मजकूर संदिग्ध असेल तर अनुभवी माणूस शेजाऱ्याला विचारतो. एजंट पुष्कळदा अंदाज करून पुढे जातो.

आपल्या बारामतीत अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत एआयचे प्रयोग केले आहेत, म्हणून उदाहरण शेतीचेच घेऊ. समजा, एखाद्या साधनाच्या वर्णनात एवढेच लिहिले आहे, की ‘पाणी किती ते द्या’. लिटर की मिलिमीटर? एकरी की हेक्टरी? उत्तर चुकले तर वाळणारे पीक ते वर्णन लिहिणाराचे नव्हे.

म्हणून अशा मजकुराची परीक्षा इंदापूरच्या रीतीने घ्यावी. साधन काय करते आणि काय करीत नाही, एकके कोणती, चूक झाल्यास काय कळेल, हे त्यात आहे काय? मग तोच मजकूर निरनिराळ्या एजंटांना द्यावा, तेच काम सांगावे आणि किती जण बरोबर गेले ते मोजावे. जेथे अनेक जण एकाच ठिकाणी अडखळतात, तेथे आधी मजकूर सुधारावा.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रतबंदीचे नियम चांगले होते, तरी साऱ्याचा दर सरकारच ठरवी. इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपल्यावर झालेल्या फेरआकारणीत सारा पुन्हा चढला. १२ मे १८७५ रोजी मोरगावाजवळच्या सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा पेटला, त्यामागच्या अनेक कारणांत वाढता साराही गणला गेला. तेव्हा एजंटाचे काम तपासताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतील: सूचना नीट लिहिली होती काय, आणि जे करावयास सांगितले ते करण्याजोगे होते काय. पहिल्याचे उत्तर चाचणीतून मिळेल. दुसऱ्याचे उत्तर ज्यांनी काम सांगितले त्यांनीच दिले पाहिजे.