पंखा ओढणारा हात

आठवीच्या वर्गात आम्ही इंग्रजी राजवट शिकवत होतो. मुलांना दाखवण्यासाठी एका जुन्या चित्राची प्रत नेली होती. उंच छताची खोली, आरामखुर्चीत रेललेला साहेब आणि वर झालर लावलेला कापडी पंखा. पंख्याची दोरी भिंतीच्या भोकातून व्हरांड्यात गेलेली. तिथे ती ओढत बसलेला एक माणूस. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, इस आदमी का नाम क्या था?’

साहेबाचे नाव चित्राखाली छापलेले होते. या माणसाचे नव्हते. ‘पंखेवाला’ म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण तो प्रश्न घरापर्यंत सोबत आला. या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

थंड मुलखातून आलेल्या माणसाने उष्ण देशात जगावे कसे, हा पेच इंग्रजांपुढे पहिल्यापासून होता. सतराव्या शतकात मुंबईला आलेल्या गोऱ्याचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे तेच आपसांत म्हणत. सुरतेतील इंग्रजांच्या भव्य कबरी आणि कलकत्त्यात १७६७ साली सुरू झालेले पार्क स्ट्रीटचे कबरस्तान आजही त्याची साक्ष देतात. लष्करातील आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३ साली अहवाल दिला. त्यानुसार हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांपैकी दर हजारी ६९ जण दरवर्षी मरत होते. तलवारीने मेलेले थोडे. ताप, हगवण आणि कॉलरा यांनी मेलेले फार.

रोग दूषित हवेतून येतो, अशी त्या काळच्या वैद्यकाची समजूत होती. म्हणून वस्ती शहरापासून दूर, मोकळ्या मैदानावर ठेवायची, घराचे जोते उंच घ्यायचे, चहूबाजूंनी व्हरांडा काढायचा. १८६४ साली छावण्यांसाठी कायदा झाला. निलगिरीत सिंकोनाची लागवड झाली आणि क्विनीन हाताशी आले. मृत्यूचे प्रमाण उतरत गेले. हे यश खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण ही सारी काळजी छावणीच्या हद्दीपर्यंत होती. हद्दीबाहेरचा बाजार म्हणजे रोगाचे घर, एवढाच त्याचा विचार. आणि त्याच बाजारातून रोज सकाळी स्वयंपाकी, भिस्ती आणि पंखेवाला बंगल्यावर कामाला येत.

आरामाच्या युक्त्या तरी साहेबाच्या स्वतःच्या होत्या का? वाळ्याचे पडदे दाराला लावून त्यांवर पाणी शिंपायचे, की आत येणारी लू थंड आणि सुगंधी होते. ही रीत अकबराच्या दरबारात होती; अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त तिची नोंद केली आहे. सोरा घातलेल्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचे पाणी गार करण्याची कृतीही तिथेच सापडते. ‘बंगला’ हा शब्दच बंगालच्या घरावरून आला. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून बर्फाचे जहाज कलकत्त्याला आले, ती मात्र नवी गोष्ट. पण वाळ्यावर पाणी शिंपायला, घडा भरायला लागे तो मशक खांद्यावर घेतलेला भिस्तीच.

हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. फारसीत ‘बिहिश्त’ म्हणजे जन्नत. तहानलेल्याला पाणी पाजणारा तो बिहिश्ती, त्याचा झाला भिस्ती. १५३९ साली चौसाच्या लढाईत हरलेल्या हुमायूनला निजाम नावाच्या भिस्तीने मशकीच्या आधाराने नदीपार केले, ही कथा आमच्या मुलांना पाठ असते. ती कथा बादशहाची म्हणून टिकली. बंगल्याबंगल्यांवर पाणी वाहणाऱ्या हजारोंची नोंद कुणी ठेवली नाही.

उन्हाळा फारच झाला की साहेब डोंगरावर जाई. १८२८ साली सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला आरोग्यस्थान वसवले. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत माथेरान भरले. १९०७ साली माथेरानची छोटी रेल्वे सुरू झाली, ती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते आणि सांगावेच. त्याआधी हा डोंगर माणसे माणसांच्या खांद्यांवरून चढत, हेही त्यासोबत सांगावे.

या सुखाची किंमत कधी जिवाने मोजली जाई. १८७६ सालचे आग्र्याचे फुलर प्रकरण प्रसिद्ध आहे. चर्चला जायला गाडी वेळेवर आली नाही म्हणून फुलर नावाच्या गोऱ्या वकिलाने आपल्या कटवारू नावाच्या मोतद्दाराला मारले आणि तो मेला. त्याची पानथरी फुटली होती. कोर्टाने दंड केला तीस रुपये. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनाही ही शिक्षा सलली आणि त्यांनी न्यायाधीशावर ताशेरे ओढले. हिवतापाने माणसाची पानथरी वाढते आणि थोड्या माराने फुटू शकते. पंखेवाले, मोतद्दार असे मेले की ‘त्याची पानथरीच रोगट होती’ हा बचाव पुढे येई. ज्या तापापासून साहेबाला वाचवण्यासाठी एवढा खटाटोप, तोच ताप नोकराच्या अंगात उपचाराविना मुरला होता. आणि कोर्टात तो उपयोगी पडला साहेबालाच.

त्या तापाचे कोडे सुटले तेही अशाच एका माणसाच्या अंगावर. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला डॉ. रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाच्या एका रुग्णाला डास चाववून घेतले. दर डासामागे एक आणा दिला. त्या रुग्णाचे नाव हुसेन खान. २० ऑगस्टला अशाच एका डासाच्या पोटात रॉस यांना जंतू दिसला. पुढे कलकत्त्याच्या प्रयोगांत महंमद बक्ष हा त्यांचा मदतनीस होता. रॉस यांना १९०२ साली नोबेल मिळाले. त्यांची जिद्द थोर होती यात शंका नाही. पण किती शाळांत हुसेन खानचे नाव फळ्यावर लिहिले जाते? आम्हीही बी.एड. होऊन कित्येक वर्षे ते लिहिले नव्हते.

दोष फक्त इंग्रजांना देऊन भागणार नाही. आपण आपला इतिहास सांगतो तेव्हा तख्त, किल्ले आणि मकबरे सांगतो. आपले पूर्वज सारे दरबारी होते असे ऐकायला गोड वाटते. प्रत्यक्षात आपल्यातील बहुतेकांचे आजे-पणजे मशक वाहणारे, खानसामे, खलाशी आणि विणकर होते. त्यांची लाज वाटावी असे त्यात काय आहे?

आमच्या वर्गातील अनेक मुलांचे वडील, मामू, चाचा आज आखातात आहेत. परक्या उष्ण देशात जगावे कसे, हा प्रश्न आता आपल्या घरचा आहे. संयुक्त अरब अमिरातीत २००५ पासून उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम घेण्यास बंदी आहे. कतारने २०२१ साली अशी बंदी वाढवून सकाळी दहा ते दुपारी साडेतीन केली. उन्हात राबणाऱ्या जिवाचाही हिशेब धरावा लागतो, हे कायद्याला कळायला एवढा काळ गेला. वातानुकूलित खोलीत बसणारा परदेशी तसा तिथे इमारत बांधणारा आपला माणूसही परदेशीच. पण दोघांच्या सुखाची मापे वेगळी आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात गेलो आणि त्या मुलाला म्हणालो, ‘बेटा, त्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही, कुणी लिहून ठेवले नाही.’ मग फळ्यावर दोन नावे लिहिली : कटवारू, हुसेन खान. आणि घरचा अभ्यास दिला : आपल्या दादा-नानांना विचारून या, ते आणि त्यांचे वडील काय काम करत होते. नावासकट लिहून आणा.