पाइनच्या फळीपासून कार्बनच्या स्कीपर्यंत

पाण्यावर उभं राहून पळायचं खूळ राल्फ सॅम्युएलसन या अमेरिकन पोराच्या डोक्यात शिरलं ते १९२२ साली. मिनेसोटातल्या लेक पेपिन सरोवरात त्याने आधी पिंपाच्या फळ्या पायांना बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. काही जमेना. शेवटी पाइनच्या आठ फूट लांब, नऊ इंच रुंद फळ्या घेतल्या आणि त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली. २ जुलैला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो पाण्यावर उभा राहिला. पेटंट मात्र त्याने घेतलं नाही; १९२५ मध्ये ते फ्रेड वॉलरने घेतलं. सॅम्युएलसन पुढे टर्की पाळत राहिला. अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेने त्याला या खेळाचा जनक मानलं ते १९६६ साली. हुन्नर एकाचा, कागद दुसऱ्याचा, ही गोष्ट आपल्यालाही नवी नाही.

स्लॅलममध्ये स्की एकच. २५९ मीटरच्या मार्गात सहा बोये, मध्यरेषेपासून ११.५ मीटर दूर, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटर, म्हणजे सोळा सेकंदांत खेळ आटोपतो. पार केलात की दोर कमी करतात. १८.२५ मीटरचा दोर ९.७५ वर येतो, तेव्हा तो बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर हात आणि कललेल्या शरीराने भरून काढायचं!

इथेच स्कीची घडण कामी येते. लाकूड गेलं, फायबरग्लास आलं, मग हलका आणि ताठ कार्बन. तळाला खोलगट पन्हळ दिली, त्यामुळे कड पाणी धरून ठेवते. लांबीतला बाक वाढवला तर वळण चटकन घेता येतं, पण वेग पडतो. कमी केला तर उलट. हा सौदा कुठल्याच कारागिराला चुकत नाही. मागे माशाच्या परासारखं धातूचं पातं असतं, त्याला एक छोटा पंख. बोयाजवळ येताना तो वेग आवरतो.

सगळं श्रेय स्कीला देणं मला पटत नाही. बोटीचा वेग आता यंत्र सांभाळतं, हेही धरायला हवं. तरी २०१३ मध्ये नेट स्मिथने ९.७५ मीटरच्या दोरावर अडीच बोयांचा विश्वविक्रम केला, तो पाइनच्या फळीवर झाला नसता. आजचे खेळाडू ते मागचं पातं कॅलिपरने मोजतात, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत, आणि तेवढंसं सरकवून पुन्हा पाण्यात उतरतात.